सनरूफच्या खाली काय आहे? पुण्यात पहिली फोर बाय फोर घेताना

माझे मामा वेल्ह्याच्या आतल्या वाड्यांवर वडाप करायचे. गाडी ट्रॅक्स, आकुर्डीच्या कंपनीची. मागे आडवी बाकं, टपावर दुधाचे कॅन. कमानपाट्याचं पान तुटलं की नसरापूरचा मिस्त्री जुन्या गाडीचं पान काढून दुपारपर्यंत बसवून द्यायचा. संध्याकाळची खेप चुकल्याचं मला आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी भर श्रावणात मी एका मित्राच्या महागड्या फोर बाय फोरमधून, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीतून, केळदकडे निघालो होतो. ओढा ओलांडताना चाकाजवळच्या एका सेन्सरच्या जोडणीत पाणी शिरलं. इंजिन सुरू होतं, गिअर पडत होते, टायर धड होते. पण स्क्रीनवर एकामागून एक इशारे उमटले आणि गाडी लो रेंज, म्हणजे अवघड चढासाठीचा आखूड गिअर, घेईना. मागून आलेल्या एका पिकअपवाल्या दादांनी दोर लावून आम्हाला वर ओढलं. दुसऱ्या दिवशी गाडी फ्लॅटबेडवर चढवून पुण्याला आणली. दुरुस्ती काय, तर एक कनेक्टर पुसून परत बसवला. गाडी चांगलीच होती. तिचा मिस्त्री मात्र साठ किलोमीटर लांब होता.

तेव्हापासून कुणी पहिली फोर बाय फोर घ्यायची म्हणून सल्ला विचारला, की मी आधी एकच विचारतो: ही बंद पडली तर कुठे दुरुस्त होईल? खाली जे लिहिलंय ते सगळं या एका प्रश्नाभोवती आहे. हिंजवडीत किंवा चाकणला नोकरी, हाताशी थोडे पैसे आणि सह्याद्री दीड तासावर, अशा माणसासाठी हे लिहितोय.

पायरी १: गाडीला काम काय, ते आधी ठरवा

वहीत गेल्या वर्षभरातली तुमची शहराबाहेरची भटकंती लिहून काढा. सिंहगड, लोणावळा, ताम्हिणी, महाबळेश्वर एवढंच निघालं, तर ते सगळे डांबरी रस्ते आहेत. चांगल्या टायरची साधी टू व्हील ड्राइव्ह तिथे आरामात जाते. उगाच दोनेक लाख जास्त घालू नका.

फोर बाय फोर लागते ती वेगळ्या माणसाला. शेतावर जायला पाणंद रस्ता असेल आणि तिकडे पावसात काळी माती टायरला चिकटून चाकाचा गोळा होत असेल. मुळशी-वेल्ह्याच्या बाजूला लाल मातीचा चढ असेल आणि भातलावणीच्या दिवसांत बियाणं, खत, माणसं वर न्यायची असतील. किंवा दरड पडली की तुटणाऱ्या वाडीत तुमचे आई-वडील राहत असतील. यातलं काही असेल तर पुढे वाचा. नुसती हौस असेल तरी वाचा, हौसेत काही वाईट नाही. फक्त ती हौस आहे हे स्वतःला माहीत असू द्या, म्हणजे शोरूममध्ये फसगत होत नाही.

पायरी २: बाजार कुठे चाललाय ते समजून घ्या

राकट गाड्या बनवणारे आज बहुतेक सगळे ऐषारामाकडे वळताहेत. त्याची सुरुवात जुनी आहे. १९४८ मध्ये आलेली लँड रोव्हर शेतकऱ्यांसाठी होती. १९७० ची पहिली रेंज रोव्हरसुद्धा आतून पाणी मारून धुता यावी अशीच बनवली होती, सीटवर व्हिनाइल होतं. आज त्याच रेंज रोव्हरमध्ये चिखलाचे बूट घालून बसायला माणूस धजत नाही. जुन्या डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं. २०१९ मध्ये दाखवलेली नवी डिफेंडर चॅसीची, म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावरची, राहिली नाही, ॲल्युमिनियमच्या मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेल्या, बांधणीची झाली. ती ९०० मिलिमीटर पाण्यातून जाते, जुनीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे नव्या गाड्या मऊ झाल्या असं म्हणणं चूक आहे. चिखलात त्या जुन्यांना मागे टाकतात. पण किंमत भारतात कोटीच्या घरात गेली आणि दुरुस्ती लॅपटॉपच्या हातात.

मर्सिडीजच्या जी वॅगनचंही तेच. १९७९ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ती लष्कर आणि वनखात्यासारख्या कामांसाठी बनायला लागली. आज ती बहुतेक ठिकाणी श्रीमंतांच्या बंगल्यासमोर दिसते. जुन्या डिफेंडरची जागा भरायची म्हणून इनिऑस या ब्रिटिश कंपनीने ग्रेनेडिअर काढली, २०२२ मध्ये फ्रान्समधल्या कारखान्यात उत्पादन सुरू केलं. चॅसीची, आखूड गिअरची, बटणं हातमोजे घालून दाबता येतील अशी. आत बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं इंजिन. गाडी मनापासून बनवलीय, पण तीही शेतकऱ्याच्या आवाक्यात राहिली नाही. टोयोटाची लँड क्रूझर ७० मात्र १९८४ पासून आजही बनते आणि ऑस्ट्रेलियातल्या खाणींवर राबते. ती आपल्याकडे विकत नाहीत, याची मला फार खंत आहे.

आपल्या पुण्यातच बघा. १९९८ मध्ये पिंपरीत जन्मलेली टाटा सफारी चॅसीवरची होती आणि फोर बाय फोरमध्ये मिळायची. तिच्या पुढच्या अवताराची, स्टॉर्मची, हिरवी फोर बाय फोर लष्करात गेली. २०२१ मध्ये सफारी हे नाव परत आलं ते पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोनोकॉक गाडीवर. त्या बांधणीचं मूळ लँड रोव्हरमध्ये आहे, तरी फोर बाय फोर नाही. महिंद्राची २०२० ची थार आली तेव्हा प्रत्येक थार फोर बाय फोर होती, आणि मागे आडवी बाकं असलेली सहा जणांची साधी आवृत्तीही होती. ती साधी आवृत्ती काही महिन्यांत बंद झाली. जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागच्या चाकांवर चालणारी थार आली. ऑगस्ट २०२४ च्या पाच दारांच्या थार रॉक्समध्ये पॅनोरॅमिक सनरूफ, थंड हवा सोडणाऱ्या सीट आणि कॅमेऱ्यावर चालणारी सुरक्षा आहे. फोर बाय फोर मात्र फक्त डिझेलमध्ये.

का? कंपन्यांना नावं ठेवून उपयोग नाही, हिशेब साधा आहे. बीएस सिक्स हे धुराचे नियम, एअरबॅग, धडकचाचण्या यांचा खर्च साध्या गाडीलाही तेवढाच येतो. साधी गाडी थोडी विकली जाते, तिच्यात नफाही थोडा. तोच खर्च महागड्या गाडीत सहज विरघळतो. ३३ वर्षं चाललेली मारुतीची जिप्सी २०१९ मध्ये सुरक्षेचे नवे नियम आले तेव्हा सामान्य ग्राहकासाठी थांबली. आणि हेही खरं, की थार रॉक्सला भारत एनकॅप या धडकचाचणीत पाच तारे मिळाले. मामांच्या ट्रॅक्समध्ये सीटबेल्टही कुणी लावत नव्हतं. माझी मुलगी मागे बसणार असेल तर मी पाच ताऱ्यांचीच गाडी घेईन. जुनं ते सगळं चांगलं, असं मला म्हणायचं नाही.

पुढचा टप्पा विजेचा. जून २०२५ मध्ये आलेल्या टाटांच्या हॅरिअर ईव्हीच्या वरच्या आवृत्तीत पुढे एक आणि मागे एक मोटर आहे, त्यामुळे टाटांच्या या घराण्यात चारही चाकांचा जोर परत आला. विजेच्या जी वॅगनमध्ये तर प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर आहे आणि ती पाण्यातून पेट्रोल-डिझेलवाल्या भावंडापेक्षा जास्त खोल जाते. पहिल्या इंचापासून पूर्ण जोर मिळणं ही चिखलात फार मोठी गोष्ट आहे. पण मिस्त्रीचा प्रश्न इथे आणखी टोकदार होतो, कारण हाय व्होल्टेजच्या वायरीला गावच्या गॅरेजमध्ये हात लावताच येत नाही, लावूही नये.

पायरी ३: खाली वाका आणि बघा

शोरूममध्ये विक्रेता आधी स्क्रीन दाखवेल. तुम्ही आधी खाली वाका. सरळ दोन लोखंडी बीम पुढून मागे गेलेले दिसले तर ती लॅडर फ्रेम, आपल्या भाषेत चॅसीची गाडी. थार, जिम्नी, गुरखा, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, हायलक्स या सगळ्या चॅसीच्या. ओझं, ओढणं, वाकणं-पिळणं यांना चॅसी टिकते आणि तिच्यावर कुठेही काम करता येतं.

मग विचारा: लो रेंज आहे का? नुसतं 'फोर व्हील ड्राइव्ह' लिहिलेलं असून चालत नाही. लो रेंज म्हणजे ट्रान्सफर केसमधला, इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीतला, वेगळा आखूड गिअर. त्यात गाडी माणसाच्या चालीने चढते, आणि उतारावर ब्रेक न दाबता इंजिनच तिला धरून ठेवतं. ऑल व्हील ड्राइव्ह नावाच्या बऱ्याच शहरी गाड्यांमध्ये हा गिअर नसतो. निसरड्या डांबरावर त्या छान, दगडांच्या चढावर क्लच किंवा गिअरबॉक्स तापवतात.

आता लॉक. इथे जरा थांबतो, कारण नव्या माणसाला हेच कुणी समजावत नाही. डिफरन्शियल म्हणजे वळताना डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी. तिचा स्वभाव असा की ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडेच जोर पळतो. एक पुढचं आणि एक मागचं चाक खड्ड्यात लोंबकळलं, की चारही चाकांची गाडी जागच्या जागी दोन चाकं फिरवत बसते. डिफ लॉक दाबला की त्या अक्षाची दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात आणि जमिनीवर टेकलेलं चाक गाडी ओढतं. फोर्स गुरखामध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे हाताने लावायचे लॉक येतात, पाण्यातून जाताना इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्कल कंपनीकडूनच बसवलेला, आणि मर्सिडीजच्या घराण्यातलं २.६ लिटरचं डिझेल इंजिन. २०२४ च्या गुरखात त्याचा टॉर्क ३२० न्यूटन मीटर आहे. आतली सजावट साधी, स्टिअरिंग जड, पण सरळ कामाची गाडी घेणाऱ्याने ती चालवून बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. थारमध्ये लॉक वरच्या व्हेरिअंटमध्ये मिळतो, रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागचा लॉक इलेक्ट्रॉनिक आहे. जिम्नीत लॉक नाही. तिथे फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःच ब्रेक लावते आणि जोर दुसरीकडे पाठवते. जिम्नी इतकी हलकी आहे की बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

बाकी गोष्टी भराभर. ग्राउंड क्लिअरन्स थारचा २२६, गुरखाचा २३३, जिम्नीचा २१० मिलिमीटर. मागे-पुढे ओढण्यासाठी चॅसीला पक्के हुक आहेत का? स्टेपनी पूर्ण मापाची आहे का? आणि मोठ्या चमकदार रिमवर जाऊ नका. रिम जितका मोठा तितकी टायरची बाजूची भिंत बुटकी, दगडावर आधी तीच फाटते.

पायरी ४: मिस्त्री आधी शोधा, गाडी नंतर

कंपनीचं सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तुम्ही जिथे जाणार त्या वाटेवरच्या गावांत थांबा. भोर, नसरापूर, पौड, वेल्हे. चहा घ्या आणि गॅरेजवाल्याला विचारा, "मामा, ही गाडी तुमच्याकडे येते का? काय बिघडतं हिचं?" महिंद्राच्या गाड्यांना सगळीकडे होकार मिळेल, कारण बोलेरो प्रत्येक वाडीत आहे. हे उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरं असतं.

पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानं आहेत. ज्या गाडीचे क्लच प्लेट, बेअरिंग, ब्रेक पॅड, फिल्टर तिथे काउंटरवर मिळतात, ती गाडी पंधरा वर्षं जगते. ज्या गाडीच्या हेडलाइटसाठीसुद्धा ऑर्डर टाकून महिनाभर थांबावं लागतं, ती सहाव्या वर्षी विकावीशी वाटते.

गाडी घेतल्यावर बिघाड वाचणारा एक साधा स्कॅनर विकत घ्या, मोबाइलला जोडणारा. दीड-दोन हजारांत मिळतो. त्या दिवशी केळदला तो असता तर कुठल्या चाकाचा सेन्सर ते पाच मिनिटांत कळलं असतं.

आणि डिझेल घेणार असाल तर डीपीएफचं नीट ऐका. बीएस सिक्स डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग वीस-पंचवीस मिनिटं चांगल्या वेगात चालावी लागते. कोथरूड ते कर्वेनगर एवढंच चालणारी डिझेल गाडी हा फिल्टर चोंदवते आणि बिल मोठं येतं. आठवड्यातून एकदा सातारा रस्त्याने खेड शिवापूरपर्यंत जाऊन या. ते शक्य नसेल तर पेट्रोल घ्या.

पायरी ५: जुनी गाडी घ्यावी का?

ज्यांना खरोखर साधी गाडी हवी त्यांना वापरलेल्या गाडीकडेच वळावं लागेल, आणि पुढे आणखीच. २०१० ची थार, जिप्सी, जुनी सफारी फोर बाय फोर, आधीची गुरखा. पुण्यात डिझेल गाडीवर दहा वर्षांची बंदी नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, मग पाच वर्षं मिळतात.

बघायला जाताना जुना शर्ट घाला, कारण गाडीखाली झोपायचं आहे. चॅसीवर हातोडीच्या मुठीने टकटक करत जा. आवाज खणखणीत यावा. बद्द आवाज आला तिथे गंज. कोकणात किंवा समुद्राकाठी वापरलेली गाडी शक्यतो टाळा. चॅसी नंबर खरवडून पुन्हा मारलेला नाही ना, कर्ज बाकी नाही ना, हे एम परिवहन ॲपवर आणि डोळ्यांनी तपासा. लष्कराच्या लिलावातली म्हणून विकली जाणारी जिप्सी असेल तर लिलावाचे मूळ कागद हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मग मोकळ्या मैदानात मातीवर न्या, लो रेंज टाका, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. लिव्हर अडत असेल, खणखण ऐकू येत असेल, तर आधीच्या मालकाने फोर बाय फोर एक तर कधी वापरली नाही किंवा डांबरावर वापरली. दोन्ही वाईट.

पायरी ६: पैसा आणि कागद

थारची लांबी चार मीटरला जराशी कमी का, हे करात दडलेलं आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत येते, बाकीच्या ४० टक्क्यांत. म्हणून दीड लिटर डिझेलची मागच्या चाकांवरची थार स्वस्त पडते. फोर बाय फोरची इंजिनं मोठी, त्यामुळे ती वरच्या टप्प्यात. जिम्नी आखूड असूनही पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून तीही वरच. यावर महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा, आणि तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त.

बदल करण्याच्या नादात फार पडू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही मूळ रचना बदलण्याच्या विरोधात आहेत. पुढच्या लोखंडी बुल बारवर डिसेंबर २०१७ पासून केंद्राची मनाई आहे आणि तो एअरबॅगच्या वेळेचं गणितही बिघडवतो. वाचलेले पैसे चांगल्या ऑल टेरेन टायरवर, अडकलेली गाडी ओढायच्या विणलेल्या रिकव्हरी पट्ट्यावर, तो अडकवायच्या दोन लोखंडी शॅकलवर आणि हवा भरायच्या छोट्या पंपावर घाला.

पायरी ७: चालवायला शिका

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या महिन्यात अनुभवी माणसाला बरोबर घेऊन कुणाच्या तरी परवानगीच्या शेतात जा. आधी एक नियम पाठ करा: कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायची नाही. थार, जिम्नी, गुरखात पुढचा आणि मागचा अक्ष तेव्हा एकमेकांना घट्ट बांधले जातात, वळताना दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि तो ताण गिअरवर येतो. माती सैल असेल तर चाक घसरून तो ताण सोडतं.

चढ दिसला की खाली उतरून पायी चढा, ओळ ठरवा, मग लो रेंजचा पहिला किंवा दुसरा गिअर टाका आणि ॲक्सिलरेटर एकसारखा ठेवा. मध्येच अडकलात तर वळवायचा प्रयत्न करू नका, रिव्हर्समध्ये सरळ खाली या. उतारावर क्लच दाबू नका. चिखलात टायरची हवा वीस पीएसआयच्या आसपास उतरवा, म्हणजे टायर पसरतो आणि पकड मिळते. डांबराला लागायच्या आधी ती परत भरा, पंप त्यासाठीच आहे. शक्यतो एकटी गाडी नेऊ नका.

पाण्याबद्दल मी कळकळीने सांगतो. थारचा आकडा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. तो आकडा उभ्या पाण्याचा आहे. फूटभर वाहतं पाणी बहुतेक मोटारी ढकलतं, दोन फूट वाहतं पाणी मोठी एसयूव्हीही उचलून नेतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत शिरलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. भिडे पुलावर पाणी असेल किंवा ताम्हिणीत ओढा रस्त्यावरून वाहत असेल, तर गाडी कितीही लाखांची असो, थांबा.

जागा निवडतानाही जपा. टेकड्यांवर, गडाच्या वाटांवर, सड्यांवर आणि सासवडकडच्या माळरानांवर गाडी घालू नका. एका चाकोरीत दबलेलं गवत वर्षानुवर्षं उगवत नाही, आणि पुष्कळशी जमीन वनखात्याची आहे, तिथे गुन्हा नोंदतात. लावणी झालेल्या खाचराचा बांध मोडू नका. गावातून जाताना काच खाली करून वाट विचारा. अडकलात तर ट्रॅक्टर घेऊन येणारा माणूस तोच असतो.

परत आल्यावर

चिखल वाळायच्या आत गाडी खालून धुवा, वरून नंतर. ब्रेकच्या आतले खडे काढा. खोल पाण्यातून गेला असाल तर त्याच आठवड्यात पुढच्या-मागच्या डिफचं आणि ट्रान्सफर केसचं तेल तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय, लगेच बदला. आणि पाऊस संपल्यावरही महिन्यातून एकदा कुठल्या तरी मातीच्या रस्त्यावर लो रेंज टाकून शंभर-दोनशे मीटर चालवा. वापर नसला की लिव्हर आखडतो, आतलं तेल खाली बसतं, आणि मग पुढच्या आषाढात नेमक्या चढावर गिअर पडत नाही.